दगडातला पराग वाचणारे बिरबल साहनी



१४ नोव्हेंबर आला की आपल्या मुलांना बालदिन आठवतो आणि पंडित नेहरू आठवतात. त्याच तारखेला, नेहरूंच्या जन्मानंतर बरोबर दोन वर्षांनी, १८९१ साली आणखी एक मोठा माणूस जन्माला आला. १९४९ च्या एप्रिल महिन्यात हे दोघे लखनौमध्ये एका कोनशिलेपाशी एकत्र आले, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत त्यांतला एक जग सोडून गेला. प्राध्यापक बिरबल साहनी हे त्यांचे नाव. दगडात अडकलेल्या झाडापानांवरून आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या परागकणांवरून खडकाचे वय सांगण्याची विद्या आपल्या देशात ज्यांनी रुजवली, ते हे साहनी. यंदा मंडळाच्या या पानावर त्यांची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरवले.

डिचोलीच्या मंडळाला पंजाबात जन्मलेल्या आणि लखनौत काम केलेल्या शास्त्रज्ञाचे काय, असे कोणी विचारील. पण आपण डिचोलीकर दगडावर जगलेली माणसे आहोत. आपली घरे जांभ्याच्या चिऱ्यांची. लामगावची लेणी जांभ्यात कोरलेली. मये, शिरगाव, पाळी, लामगाव या गावांनी खनिजाचे डोंगर पाहिले, ट्रकांच्या रांगा पाहिल्या आणि मांडवीतून मुरगावकडे निघालेल्या बार्जी पाहिल्या. खाणीवरून माणूस घरी आला की अंगणात पाय धुताना पाणी लाल व्हायचे, ही आठवण आपल्या कित्येक घरांत आहे. खाणी चालू असताना आणि बंद पडल्यावर आपण खनिजाच्या भावाची, परवान्यांची, नोकरीची चर्चा भरपूर केली. मुले मात्र वेगळेच विचारतात. आपल्या खाणीत लोखंड आहे, मग कोळसा का नाही? चंद्रपुरात कोळसा आहे, मग त्या कोळशाच्या खाणीत आपल्यासारखे लोहखनिज का निघत नाही? हा दगड किती जुना, आणि हे कोणाला कसे कळले? या प्रश्नांची उत्तरे साहनींच्या आयुष्यातून चांगली समजतात, म्हणून हा लेख.

भेऱ्याचे घर आणि मिठाचे डोंगर

साहनींचा जन्म पंजाबातल्या भेरा या गावचा. हे गाव झेलम नदीच्या काठी असून आज पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. घरच्या व्यापाराची वाताहत झाल्यावर पाठीवर पुस्तकांचे गाठोडे घेऊन मैलोन्‌मैल पायी जाऊन शिकलेला हा माणूस. शिक्षणाचे मोल त्यांना कोणी सांगायला नको होते. पाचही मुलगे त्यांनी विलायतेत शिकवले. स्वतः रुचिरामही पन्नाशी ओलांडल्यावर, १९१४ साली, किरणोत्सर्गाचा अभ्यास करायला युरोपात गेले. महायुद्ध सुरू झाल्यावर ते जर्मनीतून निसटले आणि मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

भेऱ्यापासून फार दूर नाहीत असे मिठाचे डोंगर, म्हणजे पंजाबची सॉल्ट रेंज. खेवड्याची सैंधवाची खाण तिथलीच. आपल्या स्वयंपाकघरात उपासाला वापरतात ते सैंधव पूर्वी मुख्यतः तिथूनच येई. सुट्टीत मुलांना घेऊन रुचिराम डोंगर तुडवीत आणि झाडे, दगड, जीवाश्म गोळा करीत. लहानग्या बिरबलला खडकाची ओढ लागली ती तेव्हापासून. याच मिठाच्या डोंगरांनी पुढे त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण वाद उभा केला.

लाहोरला त्यांना शिवराम कश्यप यांच्यासारखे वनस्पतिशास्त्राचे गुरू लाभले. बी.एस्सी.च्या परीक्षेतला एक प्रसंग चरित्रकार सांगतात. वनस्पतिशास्त्राची प्रश्नपत्रिका हातात आली आणि ती जुन्याच एका वर्षाची असल्याचे त्यांनी ओळखले. अशा पेपरने खरी पारख होणार नाही म्हणून ते परीक्षेतून उठून बाहेर आले, आणि विद्यापीठाला नवा पेपर काढावा लागला. सोपे गुण सोडून देणारा विद्यार्थी तेव्हाही विरळाच असणार.

वडिलांच्या मनात मुलाने आय.सी.एस. व्हावे असे होते. मुलाने वनस्पतिशास्त्रच धरले. १९११ साली ते केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. तिथे प्राचीन वनस्पतींचे मोठे जाणकार प्रा. सीवर्ड हे त्यांचे मार्गदर्शक झाले. भारतातून विलायतेत नेलेले गोंडवन खडकांतले पानांचे ठसे अभ्यासाला होतेच. गुरू-शिष्यांनी मिळून त्या सगळ्यांची फेरतपासणी केली आणि १९२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच काळात लॉसन यांच्या वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुधारित आवृत्ती साहनींनी तयार केली. आपल्याकडच्या कॉलेजांतून विज्ञान शिकलेल्या जुन्या पिढीला लॉसन आणि साहनी ही जोडी नक्की आठवत असेल.

१९१९ साली लंडनची डी.एस्सी. मिळवून ते परतले. वर्षभर काशीला आणि मग लाहोरला शिकवून १९२१ साली ते नव्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. अखेरपर्यंत ते तिथेच राहिले. १९२० मध्ये सावित्री सुरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. या बाईंनी पुढे जे केले ते सांगितल्याशिवाय साहनींचे चरित्र पुरे होत नाही. परतल्यावर साहनी खादी वापरू लागले. टेनिस खेळत, सतार वाजवीत, मातीच्या मूर्ती करीत आणि हिमालयात पायी भटकत. १९३६ मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी रोहतकजवळच्या खोकराकोट टेकडीवर त्यांना नाणी ओतण्याचे मातीचे जुने साचे सापडले. त्यांचा अभ्यास करून प्राचीन भारतात नाणी कशी ओतत यावर त्यांनी ग्रंथच लिहिला. जमिनीखाली जे सापडेल ते नीट वाचायचे, ही त्यांची वृत्तीच होती.

कोळशातली धूळ

आता मुख्य विषयाकडे येऊ. खडकाचे वय पराग कसा सांगतो?

काजूला किंवा आंब्याला मोहोर येतो तेव्हा पिवळी धूळ हाताला लागते. ते परागकण. नेच्यांना फुले नसतात. त्यांच्या पानाखाली तपकिरी ठिपके असतात आणि त्यांतून जी पूड उडते ते बीजाणू. एकेक कण मिलिमीटरच्या वीस-तिसाव्या भागाएवढा, कधी त्याहून बारीक. पण त्याचे कवच विलक्षण चिवट असते. झाड कुजते, पान कुजते, लाकडाचा कोळसा होतो, तरी हे कवच टिकते. कडक आम्लातही ते सहसा विरघळत नाही.

प्रत्येक जातीच्या कवचाची घडण वेगळी असते. कुणावर काटे, कुणावर जाळी, कुणाला तीन छिद्रे, कुणाला हवेत तरंगायला पंखांसारख्या दोन पिशव्या. झाडांच्या जाती युगायुगांत बदलत गेल्या तसे कणही बदलत गेले. दुसरी सोय अशी, की झाड एका जागी उभे असते, पण त्याचे पराग वाऱ्याने आणि पाण्याने दूरवर पसरतात. तळ्याच्या गाळात, दलदलीत, नदीच्या मुखाशी एकाच काळात तेच कण जाऊन बसतात. पानाचा ठसा नशिबाने सापडतो. कण मात्र चमचाभर कोळशातही हजारोंनी मिळू शकतात.

काढण्याची रीत अशी. दगडाचा तुकडा स्वच्छ धुऊन त्याचा चुरा करतात. चुना असेल तर एका आम्लाने जातो, वाळू आणि माती हायड्रोफ्लोरिक आम्लाने जाते. कोळसा असेल तर नायट्रिक आम्ल आणि नंतर अल्कली वापरून तो सैल करतात. पुन्हा पुन्हा धुऊन, गाळून तळाशी जी राळ उरते तिचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मग एकेका प्रकारचे कण मोजायचे. कुठल्या जातीचे किती टक्के, यावरून थर ओळखायचा. या शास्त्राला १९४४ साली पॅलिनॉलॉजी हे नाव मिळाले. मराठीत आपण त्याला परागविज्ञान म्हणतो. साहनींच्या प्रयोगशाळेत हे काम त्याच्याही आधी सुरू झाले होते.

भारतातला बहुतेक दगडी कोळसा गोंडवन काळातला, साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचा. गोंडवन हे नाव गोंडांच्या देशावरून पडले. आपल्या विदर्भातले चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, उमरेड या खाणी त्याच कोळशाच्या. त्या काळी फुलझाडे नव्हती. जिभेच्या आकाराच्या पानांची ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडे दलदलीच्या काठाने माजली होती. तीच पाने ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकातही सापडतात. हे सगळे भूखंड एकेकाळी जोडलेले होते असे वेगेनर सांगत तेव्हा जगातले पुष्कळ भूशास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते. साहनींनी १९३६ मध्ये वनस्पतींच्या पुराव्याच्या बाजूने त्या सिद्धान्ताची तपासणी केली आणि तो गांभीर्याने घेतला.

त्यांच्याकडे चिन्ना विर्की नावाची विद्यार्थिनी काम करीत होती. १९३७ साली तिने भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या गोंडवन खडकांतून पंख असलेले कण काढून दाखवले. पानांच्या ठशांनी जे नाते सांगितले होते तेच सूक्ष्मदर्शकाखालच्या कणांनीही सांगितले. १९४८ मध्ये घोष आणि सेन यांनी राणीगंजच्या कोळशाचे थर कणांच्या आधाराने एकमेकांशी जुळवून पाहिले. खाणवाल्याला याचा उपयोग सरळ आहे. कोळशाचा थर जमिनीखाली तुटतो, भ्रंशाने खाली-वर सरकतो. इकडच्या विहिरीतला थर आणि दोन मैलांवरच्या विहिरीतला थर एकच की वेगळे, हे रंगावरून कळत नाही. कणांवरून कळते. गोंडवनाच्या तळच्या थरांत भोवती एकच गोल पिशवी असलेले कण जास्त असतात, वरच्या थरांत दोन पिशव्यांचे, अंगावर रेघा असलेले कण वाढत जातात. पुढच्या पिढ्यांनी ही मोजणी पक्की करत नेली. आसामातल्या तेलाच्या मुलखातले तृतीयक थर जुळवण्यासाठीही साहनींनी सहकाऱ्यांबरोबर सूक्ष्म जीवाश्मांचा आधार घेतला, ते काम १९४७ मध्ये छापून आले.

आता आपल्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. जमिनीवर वनस्पती उगवल्याच्या पहिल्या खुणा, म्हणजे त्यांचे बीजाणू, साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. आपल्या डिचोलीचे लोहखनिज ज्या पट्टेदार खडकातून आले तो अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा जमिनीवर गवताची काडीसुद्धा नव्हती, मग कोळसा कशाचा होणार? आपला खडक समुद्राच्या पाण्यातल्या लोखंडाने घडला, चंद्रपूरचा कोळसा दलदलीतल्या झाडांनी. दोन्ही खाणीच, पण दोघींमध्ये दोनशे कोटी वर्षांहून अधिक अंतर आहे.

काळ्या कातळाचे वय

महाराष्ट्राच्या माणसाला साहनी आणखी एका कारणाने जवळचे वाटावेत. सह्याद्रीचा काळा कातळ, ज्यावर आपले गडकोट उभे आहेत, तो लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडे वाढली, आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडली गेली. या मधल्या थरांतली झाडे गारगोटीसारख्या दगडात जशीच्या तशी टिकली. नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान आणि सौसर या भागांत अशी ठिकाणे आहेत. के. पी. रोडे यांच्यासह साहनींनी मोहगावच्या जीवाश्मांवर १९३७ मध्ये लिहिले. सौसरच्या दगडातून त्यांना आणि एच. एस. राव यांना अझोला सापडली होती. भाताच्या शेतात पाण्यावर तरंगणारी ती छोटी वनस्पती आज आपल्या शेतकऱ्यांना खत म्हणून ठाऊक आहे. मोहगावला निपा नावाच्या माडाची फळे मिळाली. हा माड खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढतो, म्हणजे आज जिथून समुद्र शेकडो मैल दूर आहे तिथे तेव्हा खाडी शिरली असावी.

अझोला आणि निपा तोपर्यंत जगात इतरत्र तृतीयक काळातच सापडल्या होत्या. म्हणून साहनींनी मांडले की दख्खनचा कातळ, पूर्वी मानला जाई तसा क्रिटेशस काळातला नसून त्यानंतरच्या तृतीयक काळाच्या आरंभीचा आहे. १९४० साली मद्रासला भरलेल्या विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते आणि अध्यक्षीय भाषणाचा विषयही त्यांनी दख्खनचा कातळ हाच घेतला होता.

पुढे काय झाले? अझोला आणि निपा क्रिटेशस काळाच्या अखेरीसही होत्या असे इतर देशांतल्या शोधांनी दाखवले. मोहगावच्याच एका विहिरीतल्या थरांतून क्रिटेशसच्या शेवटच्या पर्वाची खूण मानले जाणारे परागकण निघाले. शिवाय किरणोत्सर्गाच्या घड्याळाने कातळाचे वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षे भरले, म्हणजे डायनोसॉर संपले त्या काळाच्या अगदी उंबरठ्यावरचे. साहनी उंबरठ्याच्या अलीकडे उभे राहिले आणि कातळ त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला निघाला. ज्या किरणोत्सर्गामागे वडील पन्नाशीनंतर युरोपात गेले होते, त्याच विद्येने पुढे मुलाचे उत्तर तपासून दुरुस्त केले.

सैंधवातले बाहेरचे कण

आता त्या मिठाच्या डोंगरांची गोष्ट. ती टाळून साहनींचे गुणगान करता आले असते, पण आम्हाला वाटते की सर्वांत जास्त शिकण्यासारखे इथेच आहे.

खेवड्याचे मीठ ज्या थरात आहे, त्याच्या वरचे खडक फार जुने आहेत. त्यांत ट्रायलोबाइट या प्राचीन समुद्री जीवांचे अवशेष मिळतात. खालचा थर वरच्याहून जुना असतो हा साधा नियम. त्या हिशेबाने मीठ पन्नास कोटी वर्षांहून जुने असायला हवे. पण काहींना वाटत होते की मीठ तरुण आहे, आणि जुने खडक जमिनीच्या हालचालीने सरकत येऊन त्याच्यावर बसले आहेत. साहनींनी ठरवले की याचा निवाडा सूक्ष्मदर्शक करील. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठाचे आणि सोबतच्या मातीचे नमुने विरघळवून तपासले. त्यांना फुलझाडांच्या लाकडाचे बारीक तुकडे मिळाले, कीटकांचे अवशेष मिळाले. फुलझाडे असतील तर मीठ पन्नास कोटी वर्षांचे असूच शकत नाही. १९४४ पासून त्यांनी हे ठामपणे मांडले. या एकाच प्रश्नावर परिसंवाद भरले. डोंगर पायाखाली घालून थरांचे नकाशे काढणारे भूशास्त्रज्ञ एका बाजूला आणि सूक्ष्मदर्शक घेतलेले साहनी दुसऱ्या बाजूला.

आज निकाल साहनींच्या विरुद्ध गेलेला आहे. खेवड्याचे मीठ कँब्रियन काळाच्या सुरुवातीचे किंवा त्याच्याही थोडे आधीचे मानले जाते. जुने खडक सरकले होते हे खरे, पण ते मिठाला खाली ठेवून सरकले नाहीत. मीठच वंगणासारखे तळाशी राहिले आणि सगळा डोंगर त्याच्यासकट सरकला. मग ते लाकडाचे तुकडे कुठून आले? मीठ पाण्यात विरघळते, फटींतून झिरपते आणि पुन्हा घट्ट होते. त्याबरोबर नंतरच्या काळातले कण आत जाऊन बसू शकतात. कण खरे होते, पण ते त्या मिठाचे मूळचे रहिवासी नव्हते.

साहनींनी काळजी घेतली नव्हती असे नाही. बाहेरचा कण नमुन्यात शिरतो ही शंका त्यांना पुरेपूर ठाऊक होती आणि ती दूर करण्यासाठी त्यांनी परोपरीने खटपट केली. तरीही ते चुकले. ज्या डोंगरांत बापाचा हात धरून पहिला जीवाश्म उचलला, त्याच डोंगरांनी त्यांना चकवले.

परागविज्ञानाचा पहिला धडा आजही हाच आहे. कण काय सांगतो हे वाचण्याआधी तो त्या दगडाचाच आहे का हे ठरवावे लागते. म्हणून आजचे अभ्यासक नमुना कुठून, किती खोलीवरून, कोणी, कधी घेतला हे पिशवीवर लिहिल्याशिवाय तो हातात धरत नाहीत. प्रयोगशाळेत बाहेरच्या झाडांचे पराग उडून येऊ नयेत म्हणून जपतात. आणि फक्त कणांवर भिस्त न ठेवता थरांचा क्रम आणि किरणोत्सर्गाचे वय यांच्याशी ताळा घालून पाहतात.

कोनशिला

एक माणूस चुकू शकतो, म्हणून काम एका माणसावर ठेवू नये, हे साहनींनी आपल्या कृतीने सांगितले. प्राचीन वनस्पतींच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था असावी ही त्यांची तळमळ होती. साहनी दांपत्याला मूल नव्हते. आपली मिळकत, ग्रंथसंग्रह आणि जन्मभर जमवलेले जीवाश्म त्यांनी एका न्यासाकडे सोपवले, आणि १० सप्टेंबर १९४६ रोजी लखनौला संस्था सुरू झाली. योगायोग असा, की त्याच १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिचे पहिले संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या मालवणचा. त्यांच्या नावाने आज चालणाऱ्या आघारकर संशोधन संस्थेतही परागविज्ञानाचे काम झाले आहे.

३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी लखनौच्या संस्थेची कोनशिला बसवली. ही कोनशिला साधी नाही. वेगवेगळ्या काळांतले जीवाश्म सिमेंटमध्ये बसवून ती तयार केली होती. त्या दिवशी साहनी सत्तावन्न वर्षांचे होते. अवघ्या सात दिवसांनी, १० एप्रिलला, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. संस्थेला वाढव, एवढेच मागणे त्यांनी शेवटच्या घटकेला पत्नीकडे केले असे सांगतात.

सावित्रीबाईंनी ते मागणे शिरावर घेतले. त्या स्वतः शास्त्रज्ञ नव्हत्या. पण संस्थेचा कारभार त्यांनी हाती घेतला, पैसा उभा केला, इमारत पुरी करवली. २ जानेवारी १९५३ रोजी नेहरूंनीच नव्या इमारतीचे उद्घाटन केले. साहनींची समाधी संस्थेच्या आवारातच आहे. १९५० साली स्टॉकहोमला होणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचे सन्मान्य अध्यक्षपद साहनींना दिले गेले होते, पण तिथे जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. देशातल्या कोळशाच्या आणि लिग्नाइटच्या खाणींतले थर गेली सत्तरहून अधिक वर्षे या संस्थेत कणाकणाने मोजले जात आहेत. आज तिचे नाव बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थान असे आहे. संस्थापकाचे दख्खनबद्दलचे आणि मिठाबद्दलचे मत पुढच्या अभ्यासकांनी बदलले, आणि त्यात संस्थापकाचा अपमान झाला असे कोणाला वाटत नाही.

आपल्या अंगणातली गोष्ट

शेवटी पुन्हा आपल्या गावी येऊ. आपल्या लाल खनिजात पराग नाही, पण त्यामुळे आपला मुलूख कोरा ठरत नाही. तिळारीच्या पलीकडे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत जांभ्याखाली काही ठिकाणी काळी चिकणमाती आणि कच्चा कोळसा, म्हणजे लिग्नाइट, लागतो. विहीर खणताना गावकऱ्यांना तो पहिल्यांदा दिसला. लखनौच्या आणि इतर अभ्यासकांनी त्यातले पराग काढून तो थर मायोसीन काळातला, म्हणजे दोन-एक कोटी वर्षांच्या आसपासचा ठरवला. तेव्हा कोकणपट्टीवर दाट, पावसाळी अरण्य आणि किनाऱ्याला खारफुटी होती, हे त्या कणांनीच सांगितले. आपल्या अंगणातल्या जांभ्याच्या जन्माआधीची ही गोष्ट आहे.

म्हणून सभासदांना आमची एक विनंती. आपल्यापैकी अनेक घरांच्या शोकेसमध्ये खाणीतला एखादा चकाकता दगड ठेवलेला असतो. आजोबांनी आणला एवढेच आठवते. कुठल्या बेंचवरचा, किती खोलीवरचा, कुठल्या साली, हे कोणीच लिहून ठेवलेले नसते. आजोबा गेले की तो दगड मुका होतो. ज्यांचे आजोबा, वडील, काका खाणीवर होते आणि आज घरी आहेत, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि दगडाखाली चिठ्ठी चिकटवावी. गाव, खाण, साल, आठवेल तितकी खोली. कोणाच्या विहिरीत किंवा घराच्या पायात काळी, लाकडासारखी माती लागली तर ती फेकून देऊ नये. जागा आणि खोली लिहून स्वच्छ पिशवीत बांधावी आणि जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या शिक्षकांना दाखवावी.

येत्या १४ नोव्हेंबरला मुले नेहरूंच्या फोटोला गुलाब वाहतील तेव्हा शेजारी साहनींचेही नाव घ्यावे असे आम्हाला वाटते. मुलांनी अशा चिठ्ठ्या लावलेले दगड त्या दिवशी मंडळाच्या सभागृहात आणावेत, आम्ही टेबल मांडून ठेवू.



आपले स्नेहांकित,
मंडळाचे कार्यकर्ते, डिचोली